रड्स फ्लॅटची डाक

रड्स फ्लॅटला आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. नदीच्या वळणावरची सपाट जागा, सोन्यासाठी कोणे एके काळी उपसलेल्या गोट्यांचे ढीग, त्यांच्यात माजलेली काटेरी झुडपं आणि एक अर्धवट पडलेलं धुराडं. इथं हजारभर माणसं तंबू ठोकून राहत होती असं सांगितलं, तर नवखा माणूस सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. तरी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ऑरिन ट्रेवेना आपला जुना पिकअप घेऊन ग्रास व्हॅलीहून इथं उतरायचाच. एका वर्षी पाय मोडला होता, तेव्हासुद्धा तो कुबड्या घेऊन आला आणि दिवसभर सगळ्यांवर करवादत बसला होता.

या वर्षी मात्र उतारावर त्याने गाडी दोनदा थांबवली. एकदा इंजिनाला विसावा म्हणून आणि एकदा स्वतःला. येत्या गुरुवारी थिर्झा पेंगेली गाव सोडून चालली होती. लांब उत्तरेला, स्पोकेनला, मुलाकडे. सामानाचा ट्रकसुद्धा ठरला होता. आणि सात वर्षांपूर्वी ऑरिनने तिला माझ्याशी लग्न करशील का असं विचारलं होतं, त्याचं उत्तर तिने अजून दिलं नव्हतं.

नाही म्हणाली असती तरी त्याने निमूट ऐकून घेतलं असतं. पण हूं नाही की चूं नाही. सात वर्षं ती त्याच्याशी पहिल्यासारखीच हसत-बोलत होती, त्याच्या कळकट कॉलरवरून त्याला टोमणे मारत होती, आणि त्या गोष्टीबद्दल मात्र अवाक्षर नाही. ऑरिनने ते फार मनाला लावून घेतलं होतं. आज तिला विचारायचंच, की बाई गं, उत्तरसुद्धा देऊ नये इतका मी टाकाऊ वाटलो का तुला, असं ठरवून तो घरातून निघाला होता. ठरवण्यात तो आयुष्यभर पटाईत होता.

बोलण्याचं मात्र त्याचं गणित कधी जमलंच नाही, आणि त्यात सगळा दोष त्याचा नव्हता. ग्रास व्हॅलीच्या खाणीत तो तीस वर्षं पाळणा चालवत असे. माणसं आणि दगड खालून वर, वरून खाली. त्याच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, की पाळणेवाल्याशी कुणी बोलू नये. कारण त्याचं लक्ष उडालं तर वीस माणसं थेट तळाला जायची. खालून घंटा वाजायची, तो दांडा ओढायचा. ज्याच्याशी बोलायचीच बंदी, त्याला बोलायची सवय कुठून लागणार? खाण बंद पडली, पाटी उतरली, पण ऑरिनच्या आतली पाटी काही उतरली नाही.

त्याचं सगळं बोलणं व्हायचं ते पाकिटांशी. जुन्या, पिवळ्या, रिकाम्या पाकिटांशी.

या डोंगरांत सोनं सापडल्याची हूल उठली आणि जगभरची माणसं इथं येऊन कोसळली, तेव्हा सरकारी टपाल काही त्यांच्या मागोमाग आलं नाही. आले ते खेचरं घेऊन फिरणारे उद्योगी लोक. असा एखादा गडी वस्तीवर येऊन नावं लिहून घ्यायचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालकचेरीत रांग लावायचा, सगळ्यांची पत्रं गोळा करायचा आणि डोंगर चढून परत यायचा. दर पत्रामागे चिमूटभर सोन्याची भुकटी. या धंद्याला एक्सप्रेस म्हणायचे. कुणाची चार खेचरांची, कुणाची एकाच खेचराची, पण पाकिटावर ठसा प्रत्येकाचा आपापला. पुढे धंदा चालला तर चालला. नाहीतर एखाद्या हिवाळ्यात नदीला लोंढा यायचा आणि खेचरासकट एक्सप्रेस वाहून जायची. रड्स फ्लॅटला पत्रं आणायची ती टॉलिव्हर एक्सप्रेस. दोन वर्षं टिकली. त्या दोन वर्षांत आलेली पाकिटं शोधण्यात ऑरिनचा अर्धा जन्म गेला.

आणि तो अर्धा फार मजेत गेला, हे खरं. त्या काळी सेसिल पेंगेलीकडे एक फोर्ड गाडी होती. रविवारी प्रार्थना आटोपली की सेसिल, थिर्झा आणि ऑरिन त्या गाडीत बसायचे आणि डोंगरातली एकेक वाडी पालथी घालायचे. थिर्झा गावच्या टेलिफोन कचेरीत तारा जोडायला असे, त्यामुळे कुणाच्या माळ्यावर आजोबांची पेटी आहे आणि कुणाची सून ती जाळायला टपली आहे, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं. सेसिल गोडबोल्या. तो म्हाताऱ्यांशी तासभर त्यांच्या गुडघेदुखीवर बोलायचा आणि मग हळूच पेटीचा विषय काढायचा. ऑरिन शिडी धरायचा. माळ्यावर चढायची थिर्झा, कारण तिला उंदरांची भीती वाटत नसे आणि त्या दोघांना वाटे. वरून तिचा आवाज यायचा, "टॉलिव्हर!" आणि खाली ऑरिन शिडी धरायचं विसरायचा. ते टॉलिव्हरमुळे की आवाजामुळे, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सेसिलचं आणि तिचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. पुढे झालं. ऑरिन त्या लग्नात सेसिलच्या शेजारी अंगठी सांभाळत उभा होता.

मिळालेली पाकिटं बघताना मात्र तिघांचाही जीव हळहळायचा. एक धड नसायचं. कुणाची कड फाटलेली, कुणाची मागची झडप उडालेली, कुणाचा ठसाच मधोमध चिरलेला. खाणकरी पत्र हातात पडलं की अंगठा घालून टरकवायचे. या तिघांबरोबर पुढे पुढे लू यूरेन नावाचा न्हावीही यायला लागला. तो म्हणायचा, "आंघोळीला वर्ष वर्ष थांबायचे हे लोक, पण पाकीट उघडायला सुरी शोधेपर्यंत दम निघत नव्हता." सगळे हसायचे, आणि मनातून त्या मेलेल्या खाणकऱ्यांवर खरोखरच चिडायचे.

त्या चिडीतूनच रड्स फ्लॅटच्या मंडळीची रीत निघाली. एव्हाना मंडळी दहा-बारा झाली होती. सेसिलने टॉलिव्हरच्या ठशासारखा एक लाकडी ठसा कोरून घेतला. दर वर्षी सप्टेंबरात प्रत्येकाने एकमेकांच्या नावाने पाकीट करायचं, त्यावर ठसा उठवायचा आणि खेचराच्या पाठीवरून ते रड्स फ्लॅटला आणायचं. तिथं दगडावर उभं राहून एकाने नावं पुकारायची, जशी टॉलिव्हर पुकारत असे. ज्याचं नाव येईल त्याने "हा इथं" म्हणून पाकीट न्यायचं. पाकिटात काय, तर पुठ्ठ्याचा कोरा तुकडा. ठसा नीट उठावा आणि पाकीट चुरगळू नये म्हणून. आणि पाकीट उघडायचं कुणी नाही. ज्यांनी उभा जन्म फाटकी पाकिटं जमवली, त्यांना निदान आपली तरी अखंड हवी होती. तशीच्या तशी, चिकटवलेली, ती आपापल्या वहीत, पानाला लावलेल्या कागदी कोपऱ्यांत बसायची.

मग खेचर मेलं. मग लू यूरेन गेला, दातांचे डॉक्टर हॉस्किंग गेले, एकेक करत मंडळी आटत गेली. दहा वर्षांपूर्वी सेसिल गेला. दुकानात बूट घेताना बसल्या जागी गेला. एका पायात नवा बूट, एका पायात जुना.

त्यानंतर तीन वर्षं ऑरिनने वाट पाहिली. मग त्या सप्टेंबरात त्याने धीर करून जे केलं, ते फक्त त्याच्यासारखाच माणूस करू जाणे. थिर्झाच्या पाकिटात त्याने पुठ्ठ्याऐवजी पत्र घातलं.

बाहेरून ‘उघडून वाच’ असं लिहावं असं त्याच्या मनात आलं होतं. पेन्सिलही हातात घेतली होती. पण मागची बाजू इतकी स्वच्छ होती की त्याला ती खराब करवेना. शिवाय त्या दिवशी ठसा असा उठला होता की विचारू नका. एकही रेघ तुटलेली नाही, शाई कुठे पसरलेली नाही. तसा ठसा त्याच्या हातून ना आधी उठला, ना नंतर. थिर्झाचा हात जाणता आहे, आत पुठ्ठा नाही हे तिला लगेच कळेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि पाकीट चिकटवून टाकलं. आणि मग सात वर्षं रुसून बसला.

ऑरिन खाली पोचला तेव्हा थिर्झा आधीच येऊन गोट्यांच्या ढिगावर रुमाल अंथरून बसली होती. डोक्यावर सेसिलची जुनी गवती टोपी.

"टॉलिव्हरचं खेचर लवकर पोचायचं तुझ्यापेक्षा," ती म्हणाली.

"त्याला मागे बसून सूचना देणारं कुणी नव्हतं," ऑरिन म्हणाला.

"तुलाही नव्हतं. एकटाच तर आलास."

त्याने पिकअपमधून चामड्याची पिशवी काढली. पिशवीत एकच पाकीट होतं. तिच्या हातातही एकच होतं. मंडळी म्हणायची तर आता एवढीच.

ऊन बरोबर डोक्यावर आल्यावर तो दगडावर चढला. गुडघा कुरकुरला. नावं सगळी पुकारायची, जिवंत असोत की नसोत, हा सेसिलचाच नियम. गेलेल्यांच्या वतीने उरलेल्यांपैकी कुणीतरी उत्तर द्यायचं. पूर्वी माणूस नव्या ठिकाणी सोनं शोधायला निघून गेला, की वस्तीतले लोक टॉलिव्हरला जे सांगायचे तेच.

"लू यूरेन," ऑरिनने हाक दिली.

"वरच्या नदीला गेला," थिर्झा म्हणाली.

"डॉक्टर हॉस्किंग."

"वरच्या नदीला गेले. माझी दाढ अर्धी ठेवून."

एकेक नाव होत गेलं. तिचा आवाज टेलिफोन कचेरीतल्यासारखा स्वच्छ, ठाम. ऑरिनला एकदम ते सगळे दिसले. लूची मिशी, डॉक्टरांची घामेजलेली टोपी, केशरी पावांवर तुटून पडलेली पोरं, खेचराला साखर खाऊ घालणारा सेसिल. त्याला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी मी इथं उभा राहून नावं पुकारली तर उत्तर कोण देणार, असं त्याच्या मनात आलं.

"सेसिल पेंगेली."

"वरच्या नदीला गेला," थिर्झा म्हणाली, जरा हळू.

"थिर्झा पेंगेली."

"हा इथं," ती म्हणाली. मग पाकीट घेताना पुढे बोलली, "गुरुवारपर्यंत."

मग तिने ऑरिनचं नाव पुकारून त्याचं पाकीट त्याला दिलं. जेवायला तिने पास्ट्या आणल्या होत्या. बटाटा, सलगम आणि मांस भरलेल्या, कडेला जाड मुरड घातलेल्या, फडक्यात गुंडाळून अजून कोमट. दोघं खायला बसली. ऑरिन प्रत्येक घासाला मनात म्हणत होता, हा संपला की विचारतो. पास्टी संपली. तिने केशरी पाव काढला. तोही संपला.

"स्पोकेनला पास्टी मिळते का गं?" त्याने विचारलं.

"मी करीन. सुनेला आवडत नाही म्हणे. सलगमाचा वास येतो म्हणते."

"मग कशाला जातेस?"

"मुलाने खोली बांधली आहे माझ्यासाठी. खिडकीला पडदेसुद्धा लावलेत. एवढा जीव टाकतोय तर नाही कसं म्हणू?" ती हात झटकत म्हणाली. "आणि इथं तरी काय आहे? छप्पर गळतंय, भिंत ओली. ते जाऊ दे. तुझ्यासाठी एक वस्तू आणली आहे, ती घे आधी."

तिने टोपलीच्या तळातून एक जाड वही काढली. हिरव्या कापडी बांधणीची. तिची रड्स फ्लॅटची वही. वर्षावर्षाची पाकिटं त्यात बसवलेली होती.

"तिकडे ती खोली म्हणजे खुराडं आहे," थिर्झा म्हणाली. "जुनी खरी पाकिटं मी नेते आहे. पण ही मंडळीची वही कुणाला कळणार तिथं? नातवंडं ठसे कापून घेतील. तुझ्याकडे राहू दे."

ऑरिनने वही मांडीवर घेतली. इतकी वर्षं ओळख, पण ही वही त्याने अशी निवांत कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाची आपापल्या घरी असायची. ती शेजारी सरकून बसली आणि पानं उलटू लागली. हे बघ लूचं, शाईत नेहमी पाणी घालायचा चिक्कू. हे डॉक्टरांचं, तिरकंच. हे सेसिलचं, आमच्या लग्नाच्या वर्षीचं. ती हसत होती, आणि हसताना मध्येच थांबत होती.

"आणि हे बघ," एका पानावर ती थांबली. त्या पानावर एकच पाकीट होतं, बाकी जागा मोकळी. "हे तुझं. मी याला पान वेगळं दिलं. असा ठसा मंडळीत कुणाचाच उठला नाही, ऑरिन. सेसिल असता तर जळून खाक झाला असता. केव्हातरी उदास वाटलं ना, की मी हे पान काढून बघत बसते."

ऑरिन बघत राहिला. पाकीट अखंड होतं. झडपेची कड जशी त्याने बोटाने दाबून बसवली होती, तशीच बसलेली होती. तिथं कधी सुरीही लागली नव्हती आणि नखही.

आधी त्याला काही कळेनाच. मग कळलं, आणि त्याला हसू यायला लागलं. सात वर्षं तो जिच्यावर रुसला होता, तिला तो रुसलाय हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

"तू उघडलं नाहीस," तो म्हणाला.

"उघडू? मला काय वेड लागलंय?"

"यात पुठ्ठा नाही."

"ते कळलं मला तेव्हाच. पातळ लागलं हाताला," थिर्झा म्हणाली. "पुठ्ठा संपला असेल म्हटलं. त्या वर्षी तुझी मोरी तुंबली होती, तू गडबडीत होतास."

ऑरिनने वही गुडघ्यांवर घट्ट धरली. कागदी कोपऱ्यांतून पाकीट अलगद सोडवलं, कारण हाताची सवय जात नाही. ते उलटं केलं. आणि झडपेच्या कडेखाली अंगठा घालून टर्रकन फाडलं.

"अरे!" थिर्झाने त्याचं मनगट पकडलं. "अरे, काय करतोस हे? ठसा गेला त्याचा! डोकं फिरलं का तुझं?"

ठसा खरंच गेला होता. फाटताना चीर वळून पुढच्या बाजूला आली होती आणि टॉलिव्हरच्या नावाचे दोन तुकडे झाले होते. ऑरिनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मेलेल्या खाणकऱ्यांना उगाच नावं ठेवली आपण, एवढंच त्याच्या मनात आलं. ते पाकीट बघत नव्हते. त्यांना कुणीतरी काहीतरी लिहिलेलं होतं.

त्याने कागद काढून तिच्यापुढे धरला. "वाच."

तिने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चष्मा गाडीत राहिला. आणि तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तूच वाच."

हे ऑरिनच्या हिशेबात नव्हतं. मोठ्याने म्हणायला लागू नये म्हणूनच तर त्याने ते लिहिलं होतं. पण ती कागद परत देऊन हाताची घडी घालून बसली होती. त्याने घसा साफ केला आणि मान खाली घालून वाचायला सुरुवात केली.

"'थिर्झा, मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लिहितो. सेसिलला जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या घरात उत्तरेची खोली रिकामी आहे. ती कोरडी आहे. तुझी पाकिटं तिथं सादळणार नाहीत. नासपतीला यंदा फळ खूप धरलं आहे आणि मी एकटा किती खाणार.'"

"ते झाड तू पाडलंस की," थिर्झा म्हणाली. "कीड लागून."

"मध्ये बोलू नकोस. 'बिस्किट नेहमी तुझ्या पायाशी येऊन झोपतो. माझ्या पायाशी कधी झोपला नाही.'"

"गुणी कुत्रा होता बिचारा."

"'मला तू आवडतेस. सेसिलच्या आधीपासून आवडतेस, पण ते आता जाऊ दे.'" ऑरिनचा आवाज फाटला. त्याने पुन्हा घसा साफ केला. "'माझ्याशी लग्न करशील का? नाही म्हणालीस तरी रविवारी पास्टी देत जा. तुझा, ऑरिन ट्रेवेना.'"

नदीचं पाणी गोट्यांवरून खळाळत होतं. ऑरिनने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. बराच वेळ तिच्याकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. बघितलं तेव्हा तिने सेसिलची टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. पण चेहरा रागावलेला होता.

"सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं मी त्या घरात रेडिओ लावून जेवले, ऑरिन. समोर माणूस नको का कुणी, म्हणून रेडिओ. तू दर रविवारी यायचास, दारात उभा राहून हवापाण्याचं बोलायचास, बशीभर खाऊन निघून जायचास. मला वाटायचं, मित्राची बायको म्हणून येतो बिचारा. कर्तव्य म्हणून येतो."

"मी विचारलं होतं."

"तू पाकिटाला विचारलंस. मला कुठे विचारलंस?"

"तू उघडायला हवं होतंस."

"तू माझं एक तरी उघडलं आहेस का आजवर?"

उघडलं नव्हतं. तसं करायचं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"एक जण तर शहाणं निघायला हवं होतं आपल्यातलं," ती म्हणाली आणि टोपीने नाक पुसलं. सेसिलच्या टोपीने. मग ते लक्षात येऊन जरा हसली. "तो असता तर गावभर सांगत सुटला असता. या ऑरिनने लग्नाची मागणी घातली आणि हिने ती वहीत चिकटवली म्हणून."

"सांगितलं असतं त्याने," ऑरिन म्हणाला.

"आता काय करायचं मग?"

तो प्रश्न तिने नदीकडे बघत विचारला होता, पण उत्तर त्याच्याकडेच मागितलेलं होतं, एवढं ऑरिनला कळलं. आता पुढे ठसा नव्हता, झडप नव्हती, कोऱ्या पुठ्ठ्याचा आडोसा नव्हता. त्याला दरदरून घाम फुटला. खाणीच्या खोल विहिरीत पाळणा सोडताना कधी फुटला नव्हता इतका.

"थिर्झा," तो म्हणाला, "जाऊ नकोस. माझ्याकडे ये. झाड नाही आणि कुत्राही नाही, पण खोली अजून कोरडी आहे. करशील का लग्न माझ्याशी?"

तिने फडकं झटकलं, घडी घातली, टोपलीत ठेवलं. उरलेली पास्टी कागदात गुंडाळली. ऑरिनला वाटलं, संपलं. हिने मनात निरोप घेतला.

"ट्रकचे पैसे देऊन झालेत," ती अखेर म्हणाली. "तो माणूस काही परत देणारा नाही, खडूस आहे."

"मग?"

"मग ट्रक येऊ दे गुरुवारी. सामान चढवू दे. त्याला नुसता पत्ता बदलून सांगते."

ऑरिनला तिचं बोलणं उमगायला थोडा वेळ लागला. उमगल्यावर तो उठून उभा राहिला, काय करायचं ते न सुचून पुन्हा खाली बसला.

"आणि मुलगा?" त्याने विचारलं. "पडदे लावलेत त्याने."

"रागावेल. नाताळात जाऊ आपण दोघं, चार दिवस राहू, मग निवळेल."

"त्याला आधी पत्र लिही."

"पत्र नको बाबा," थिर्झा म्हणाली. "फोन करते." मग कपाळाला आठी घालून तिने विचारलं, "माझं ते अक्रोडाचं कपाट मावेल का रे तुझ्या दारातून? मला ते हवंच आहे, आधीच सांगते."

"मावेल," ऑरिन म्हणाला. दार किती रुंद आहे याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती. "नाही मावलं तर चौकट काढीन."